गायकांच्या चार मोकळ्या हातांत काय द्यावं?

प्रश्न : आम्ही सहा जण मिळून वाजवतो. दोन गिटार, कीबोर्ड, बेस आणि दोन गायक. ड्रमसेट नाही, खोली लहान. क्युबाचे सोन आणि चा-चा-चा, ब्राझीलची बोसा नोव्हा आणि डॉमिनिकन प्रजासत्ताकातले एक-दोन मेरेंगे बसवले आहेत. गायकांचे हात मोकळे असतात, म्हणून हातात धरून वाजवायची लॅटिन तालवाद्यं घ्यायची आहेत. दहा वाद्यांचा एक तयार संच मिळतोय, तो घ्यावा का? लाकडी घ्यावं, प्लॅस्टिकचं की भोपळ्याचं? घेताना काय तपासायचं? आणखी एक : ओळखीच्या एकांकडची माराकास (बिया भरलेल्या खुळखुळ्यांची जोडी) वाजवून पाहिली, तर कितीही लक्ष दिलं तरी लयीच्या मागेच पडत होती. दोष वाद्यात की हातात?

उत्तर : दहा वाद्यांचा संच घेऊ नका. तुमच्याकडे मोकळे हात चार आहेत आणि यातल्या बहुतेक वाद्यांना दोन्ही हात लागतात, म्हणजे एका वेळी दोनच वाद्यं वाजणार. बाकीची आठ पिशवीत राहतील. शिवाय अशा संचांत माराकास हलकी आणि फुसकी निघते, ग्वीरोची (खाचांवर काडी खरडून वाजवायचं वाद्य) लांबी वीतभरही नसते आणि क्लावे (एकमेकांवर वाजवायचे दोन दांडे) मऊ लाकडाचे असतात. त्या पैशांत नीट वाजणारी तीन-चार वाद्यं निवडून घ्या. निवडताना 'कुठलं वाद्य छान दिसतं' याआधी 'या गाण्यात कोणतं काम रिकामं आहे' हे विचारा.

गायकांनी वाद्य धरणं ही तडजोड आहे असं मात्र समजू नका. १९२० च्या दशकात हवानात गाजलेल्या सेक्स्तेतो ताफ्यांत सहाच जण असत : त्रेस (तारांच्या तीन जोड्यांचं गिटारसारखं क्युबन वाद्य), गिटार, बेस, बोंगो (हाताने वाजवायच्या छोट्या ढोलांची जोडी), क्लावे आणि माराकास. शेवटची दोन वाद्यं बहुधा गायकांच्याच हातात असायची. तुमच्या सोनसाठी हाच नमुना जसाच्या तसा उचलता येईल.

आधी माराकासचं. दोष बहुतेक हातातही नाही आणि वाद्यातही नाही, तो वेळेच्या अंदाजात आहे. आतल्या बिया सुट्या असतात. हात थांबतो, मग बिया पुढे जाऊन कवचावर आदळतात आणि तेव्हा आवाज येतो. ठोक्यावर हात हलवला तर आवाज ठोक्यानंतरच येणार. म्हणून हालचाल किंचित आधी सुरू करायची आणि हात नेमका ठोक्यावर थांबवायचा. समोर हवेत एक अदृश्य पाट आहे आणि त्यावर माराका आपटून तिथेच रोखायची आहे असं धरून चला. हालचाल मनगटातून, पाच ते आठ सेंटिमीटरच. तर्जनी मुठीवरून पुढे सरळ ठेवली की रोखणं सोपं जातं. खांद्यापासून हात हलवला तर बिया आतल्या आत फिरत राहतात, 'छक्' ऐवजी 'छर्रर' ऐकू येतं, आणि लयीत असूनही मागे पडल्यासारखं वाटतं.

हीच हालचाल दुकानात परीक्षा म्हणून वापरा. एक झटका द्या आणि थांबा. आवाज एकच, घट्ट आणि लगेच संपणारा हवा. शेपूट उरत असेल तर आत बिया फार आहेत किंवा कवच फार मोठं आहे. जोडीतल्या दोघींचा स्वर सारखा नसावा. एक उंच, एक खाली, आणि फरक डोळे मिटून ओळखता यावा. सवयीच्या हातात उंच स्वराची धरायची पद्धत आहे. मग मूठ हळूच पिळून पाहा. जोडावर करकर ऐकू आली तर काही महिन्यांत ती सुटेल.

कवचाचं म्हणाल, तर लहान खोलीत आणि गिटारच्या शेजारी वाळलेल्या फळाच्या कवचाची किंवा लाकडाची माराकास सगळ्यात गोड वाटते. कच्च्या चामड्याची जास्त धारदार आणि मोठी वाजते. ब्रास असलेल्या साल्सा ताफ्यात तीच टिकते, पण दमट हवेत चामडं मऊ पडलं की आवाज बसतो. प्लॅस्टिकची मोठी आणि चकचकीत वाजते, पडली तरी फुटत नाही. प्रवास फार असेल तरच ती घ्या. फळाच्या कवचाच्या माराकासभोवती किंवा पिशवीच्या तळाला बारीक पूड दिसली तर कीड लागलेली आहे, ती जोडी घेऊ नका. व्हेनेझुएलातल्या होरोपो या नृत्यसंगीतासाठीची माराकासही बाजारात दिसते. ती लहान, मोजक्या बियांची आणि फार चपळ हातांसाठी असते. सोनला ती किरटी वाटेल.

आता क्लावे. दिसायला सगळ्यात सोपं वाद्य, आणि नेमकं म्हणूनच सगळ्यात जास्त बिघडवलं जाणारं. साधी जोडी सुमारे २० सेंटिमीटर लांब आणि अडीच सेंटिमीटर जाड असते. असा दांडा वाजतो तेव्हा त्याचा मध्य आणि टोकं थरथरतात आणि दोन जागा जवळपास स्थिर राहतात, प्रत्येक टोकापासून लांबीच्या साधारण २२ टक्क्यांवर. २० सेंटिमीटरच्या दांड्यात ही जागा टोकापासून सुमारे साडेचार सेंटिमीटरवर येते. दांडा तिथेच टेकवायचा आणि बरोबर मध्ये मारायचं. तळहात वर करून बोटं अर्धी वळवा म्हणजे खाली पोकळी तयार होईल, आणि दांडा अंगठा व बोटांच्या टोकांवर नुसता ठेवा. पकडायचा नाही. मुठीत घट्ट धरलेला क्लावे 'टक्' करून मरतो, नीट टेकवलेला 'टिंग' करून खोलीभर जातो. पोकळीचा आकार बदलला की आवाजही बदलतो, तो कानाने जुळवून घ्या.

पारखायची रीत अशी : एक दांडा टेकवा, मध्ये मारा, पाव फेरा फिरवा, पुन्हा मारा. लाकडाच्या रेषांमुळे एका बाजूला आवाज जास्त खुलतो. त्या बाजूला पेन्सिलीने ठिपका करा आणि पुढे नेहमी तीच बाजू वर ठेवा. मग दोघांची अदलाबदल करून पाहा. जास्त वेळ घुमणारा टेकवायचा, दुसरा मारायचा. गाठी असलेलं किंवा वजनाला हलकं लाकूड नको. फायबरग्लासचे क्लावे हवामानाने बदलत नाहीत आणि फार मोठे वाजतात, तुमच्या खोलीला ते जड होतील. एक दांडा जाड आणि आतून कोरलेला अशीही जोडी मिळते. तिचा आवाज खालचा आणि भरदार असतो, आणि उंच आवाजाने कान टोचतात अशी तक्रार असणाऱ्यांना ती मानवते.

रोझवुडचे क्लावे परदेशातून मागवत असाल तर लाकडाचं नाव नीट विचारा. ब्राझीलचं रोझवुड १९९२ पासून वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि त्याच्या वस्तू सीमेपार नेण्यावर कडक बंधनं आहेत. रोझवुडच्या इतर जातींच्या तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस परवान्यातून सूट मिळाली. मात्र चांगला आवाज मिळायला रोझवुडच लागतं असं नाही. कठीण, जड आणि सरळ रेषांचं लाकूड पुरतं.

क्लावे हे वाद्याचं नाव तसंच ठेक्याचंही. सोनचा ठेका दोन मापांचा, म्हणजे तालाच्या दोन आवर्तनांचा. दोन्ही मिळून सोळा समान घरं धरा. ३-२ (पहिल्या मापात तीन ठोके, दुसऱ्यात दोन) सोन क्लावेचे ठोके घर १, ४, ७, ११ आणि १३ वर पडतात. रुंबा या दुसऱ्या क्युबन शैलीच्या क्लावेत तिसरा ठोका एक घर उशिरा, म्हणजे ८ वर येतो, बाकी तेच. २-३ म्हणजे हीच दोन मापं उलट क्रमाने. पायाने १, ५, ९, १३ वर ठोका धरलात तर लक्षात येईल की पाच ठोक्यांपैकी फक्त पहिला आणि शेवटचा पायासोबत पडतो. नवे वाजवणारे घसरतात ते अंतरांमध्ये. ७ ते ११ आणि १३ पासून पुढच्या १ पर्यंत चार-चार घरांचं अंतर आहे. तिथे शांतता लांबल्यासारखी वाटते आणि हात घाई करतो. पाय चालू ठेवणं हाच त्यावर उपाय, मनात मोजणं पुरत नाही.

आणि एकदा सुरू झालेला क्लावे गाण्याच्या मध्ये उलटवायचा नाही. चालीतल्या एखाद्या भागातल्या मापांची संख्या विषम असेल तर पुढची ओळ ठेक्याच्या दुसऱ्या अर्ध्यावर सुरू होते. त्यावेळी ठेका फिरवून ओळीला जुळवायचा मोह होतो. तसं केलंत तर बेस आणि कीबोर्ड एका बाजूला, तुम्ही दुसऱ्या बाजूला, आणि सगळं गाणं अडखळल्यासारखं ऐकू येईल. आमचं मत स्पष्ट आहे : क्लावे घ्या, पण पहिले काही आठवडे सहाही जणांनी हा ठेका टाळ्यांवर पक्का करावा. जो न चुकता पाच मिनिटं धरू शकेल त्याच्याच हातात दांडे द्या. डळमळणारी माराकास झाकून जाते. डळमळणारा क्लावे सगळ्यांना सोबत घेऊन पडतो.

चा-चा-चाचा जीव ग्वीरोत आहे. एनरिके होरिन यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हवानात ही शैली घडवली. ग्वीरोचं काम त्यात अगदी ठरलेलं : पहिल्या मात्रेवर एक लांब खरड, दुसऱ्या मात्रेत दोन आखूड, तिसरीवर पुन्हा लांब, चौथीत दोन आखूड. आता हिशेब पाहा. मिनिटाला १२० मात्रांच्या चा-चा-चात एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. लांब खरड तेवढा वेळ सलग चालायला हवी, तर खाचांची पट्टी किमान २० सेंटिमीटर लागते. संचातला माशाच्या आकाराचा आखूड लाकडी ग्वीरो इथेच कमी पडतो. काडी टोकाला लवकर पोचते, आवाज तुटतो, आणि वाजवणारा नकळत मात्रा आखूड करतो.

ग्वीरो घेताना आधी देश ठरवा. क्युबाच्या पद्धतीचा भोपळ्याचा, रुंद आणि खोल खाचांचा, लाकडी काडीने वाजवायचा. मागे अंगठा आणि मधल्या बोटासाठी भोकं असतात. प्वेर्तो रिकोचा ग्वीरो बारीक आणि जवळजवळ खाचांचा असतो, तो तारांच्या काट्याने खरडतात आणि त्याचा आवाज रेशमी, सलग येतो. काडी आणि काट्याची अदलाबदल करू नका. रुंद खाचांवर तारा अडकतात आणि कडा कुरतडतात. बारीक खाचांवर जाड काडी नुसती घसरते. डॉमिनिकन प्रजासत्ताकातली ग्वीरा वेगळीच. पत्र्याचा नळकांडीसारखा देह, तारांचा ताठ काटा. मेरेंगे तिच्याच जोरावर पळतं. पण बंद लहान खोलीत ती गायकांचे शब्द खाऊन टाकते. एक-दोन मेरेंगेंसाठी ती घेऊ नका. बारीक खाचांचा भोपळ्याचा ग्वीरो तारेच्या काट्याने वाजवलात तर काम भागेल. मेरेंगेंची संख्या वाढली की ग्वीरा घ्या.

भोपळा दुकानात उजेडासमोर फिरवून पाहा. केसाएवढी चीरही पुढे लांबते, विशेषतः भोकांजवळून निघालेली. बोटांची भोकं तुमच्या हाताला बसतात का ते बघा, कारण न बसणारा ग्वीरो तुम्ही घट्ट आवळाल आणि आवळलेला भोपळा घुमत नाही. मग काडी वरून खाली एकाच दाबाने न्या. आवाज मध्येच गायब होत असेल तर त्या पट्ट्यातल्या खाचा उथळ आहेत. घरी आणल्यावर दोन-तीन वेगवेगळ्या काड्या वापरून पाहा : पातळ काडीचा आवाज खसखशीत, जाड काडीचा भरदार आणि खालचा. इतक्या थोड्या खर्चात आवाज इतका बदलणारं दुसरं वाद्य या यादीत नाही. खाचांत साचलेली धूळ आणि लाकडाचा भुसा दात घासायच्या जुन्या कोरड्या ब्रशने काढा. पाणी लावू नका.

बोसा नोव्हात हात आवरा. रिओ दि जानेरोत १९५० च्या दशकाच्या शेवटी आकाराला आलेलं हे संगीत कुजबुजीच्या पातळीवर चालतं आणि त्यात लय गिटारच्या हातातच असते. तुमच्याकडे दोन गिटार आहेत, म्हणजे एक शेकर (आत दाणे भरलेलं, हलवून वाजवायचं वाद्य) पुरे. दुसऱ्या गायकाने हात रिकामे ठेवावेत. क्लावे तर इथे नकोतच. ज्याला बोसाचा क्लावे म्हणतात तो ठेका (घर १, ४, ७, ११, १४) बहुधा ड्रमच्या काठावर काडीने वाजतो. टोकदार क्लावेने तो वाजवला की गाण्यात खिळे ठोकल्यासारखं होतं.

शेकर निवडताना वजन बघा. मिनिटाला ६५ मात्रांच्या बोसात प्रत्येक मात्रेला चार हालचाली म्हणजे मिनिटाला २६०, आणि तीन मिनिटांच्या गाण्यात जवळपास आठशे. धातूची जड नळी दुसऱ्या कडव्यातच दंड भरवते, मग हालचाली असमान होतात. ब्राझीलमध्ये नळीच्या शेकरला गांझा म्हणतात. सांबाचे ताफे मोठ्या धातूच्या गांझा वापरतात, तुम्हाला लहान आणि हलकी पुरेल. नळी आडवी धरा, पुढे आणि मागे सारख्याच अंतराने न्या. आधी दोन्ही बाजूंचा आवाज सारखा आणा, जोर कुठे द्यायचा ते मग. अंड्याच्या आकाराचा शेकर आणखी हळू वाजतो आणि मूठ मिटली-उघडली की आवाज बदलतो. गाणं म्हणता म्हणता वाजवायला तोच सर्वांत सोपा, आणि एकाच हातात मावतो. काशिशी, म्हणजे विणलेली छोटी टोपली, तिच्या सपाट कडक तळामुळे दोन आवाज देते. पुढे झुकवली तर एक, तळावर आपटली तर दुसरा. आम्हाला ती फार आवडते, पण ती दुसऱ्या टप्प्यावर घ्या.

शेकरऐवजी काबासा हवा असेल तर हरकत नाही. खडबडीत पत्र्याच्या नळीभोवती पोलादी मण्यांच्या साखळ्या असलेला आजचा प्रकार लॅटिन पर्कशन कंपनीचे संस्थापक मार्टिन कोहेन यांनी घडवला. एका तळव्याने मणी दाबून धरायचे आणि दुसऱ्या हाताने मूठ फिरवायची. हवेत हलवायचा नाही. त्याचा फायदा असा की बियांचा प्रवास नसल्यामुळे आवाज हाताबरोबरच येतो, उशीर होत नाही. तोटा म्हणजे वजन, आणि दोन्ही हात अडकणं.

काउबेल, म्हणजे काडीने वाजवायची धातूची घंटा, सध्या नको. सोनमध्ये गाणं उचलतं तेव्हा बोंगोवाला बोंगो ठेवून हातातली घंटा घेतो, आणि तुमच्याकडे बोंगो नाहीत. पुढे घेतलीच तर स्टँडला जोडायची नव्हे, हातात धरायची मोठी घंटा घ्या आणि जाड लाकडी दांड्याने वाजवा. ड्रमच्या पातळ काडीने ती पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. लहान खोलीत सराव करताना कानात इअरप्लग हवेतच. ब्राझीलचं पांदेइरोही बाजूला ठेवा. ते खंजिरीसारखं दिसतं म्हणून लोक घेतात. पण अंगठा, बोटांची टोकं आणि तळव्याची कड यांचा क्रम बसायला महिने लागतात, आणि गाणं म्हणत ते वाजवणं आणखी पुढचं.

तेव्हा तुमच्या गाण्यांसाठी खरेदीचा क्रम असा ठेवा : आधी हलका शेकर आणि माराकासची जोडी, मग क्युबाचा ग्वीरो, मग क्लावे. क्लावे शेवटी असले तरी टाळ्यांचा सराव आजपासून. ते एक-दोन मेरेंगे नेहमी वाजवणारच असाल तर बारीक खाचांचा ग्वीरो त्यानंतर घ्या. सोनला क्लावे आणि माराकास, चा-चा-चाला ग्वीरो आणि माराकास, बोसाला नुसता शेकर.

एक अडचण पत्रात नाही, पण पहिल्याच तालमीत येईल : गायकाच्या माइकमध्ये माराकास घुसणार. गाण्याचे बहुतेक माइक समोरून जास्त आणि मागून कमी ऐकतात. म्हणून वाद्य तोंड आणि माइकच्या मध्ये कधीच आणू नका. ते कमरेच्या उंचीवर, माइकच्या मागच्या बाजूला पडेल असं धरा. तोंड माइकच्या जवळ ठेवा, म्हणजे माइकची पातळी वाढवावी लागणार नाही. ओळ म्हणताना वाजवणं जड जात असेल तर सुरुवातीला वाद्य फक्त मधल्या संगीतात वाजवा. ध्वनिमुद्रण करायचं झालं तर क्लावेपासून माइक किमान ६० सेंटिमीटर दूर ठेवा आणि पातळी नेहमीपेक्षा खाली लावा. त्याचा ठोका इतका क्षणिक असतो की सरासरी दाखवणाऱ्या मीटरची सुई जेमतेम हलते, आणि ध्वनिमुद्रणात मात्र तो फाटलेला ऐकू येतो.